रक्तद्रवातील औषधाचे निष्कर्षण : एका प्रयोगशालेय प्रक्रियेचा तर्क

१

‘निष्कर्ष’ हा शब्द साहित्यविचारात नित्य येतो. अनेक कृतींच्या वाचनातून किंवा अनेक पुराव्यांच्या छाननीतून जे अखेरीस ओढून बाहेर काढले जाते, त्यास निष्कर्ष म्हणावयाचे. ‘कृष्’ म्हणजे ओढणे आणि ‘निस्’ म्हणजे बाहेर, ही त्याची घडण सर्वपरिचित आहे. याच धातूपासून सिद्ध झालेला ‘निष्कर्षण’ हा शब्द मराठी विज्ञानपरिभाषेने मात्र एका मूर्त क्रियेसाठी योजला आहे : मिश्रणातील हवा तो घटक योग्य विद्रावकाच्या साहाय्याने वेगळा करून घेणे. लोकव्यवहारात यालाच अर्क काढणे म्हणतात. हा ‘अर्क’ अरबीतील घामवाचक शब्दावरून आलेला आहे. संस्कृतातील सूर्यवाचक अर्काशी त्याचे नाते नाही. आयुर्वेदातही ही क्रिया जुनीच आहे. क्वाथ, हिम व फांट या कल्पनांत वनस्पतीचा गुण पाण्यात उतरविला जातो. सिद्ध तेल वा तूप करताना तो स्नेहात उतरविला जातो. पाण्यात उतरणारे वेगळे आणि स्नेहात उतरणारे वेगळे, हा भेद त्या व्यवहारातच गृहीत धरलेला आहे.

औषधांच्या पृथक्करणाची आधुनिक प्रयोगशाळा हीच क्रिया उलट दिशेने करते. वैद्य वनस्पतीतून औषध काढतो ते शरीरात जावे म्हणून. प्रयोगशाळेत शरीरात गेलेले औषध रक्तातून परत बाहेर काढले जाते, ते मोजता यावे म्हणून. रोग्याने गोळी घेतल्यानंतर तिच्यातील किती अंश रक्तात पोहोचला, तो किती काळ टिकला, मात्रा वाढवावी की कमी करावी, या प्रश्नांची उत्तरे त्या मोजमापावर अवलंबून असतात.

हे मोजमाप थेट का करता येत नाही, हे ध्यानात येण्यासाठी रक्तद्रवाचे स्वरूप पाहणे अगत्याचे आहे. रक्तातील पेशी बाजूस काढल्यावर जो फिकट पिवळसर द्रव उरतो, तो रक्तद्रव. रक्ताच्या एकूण आकारमानापैकी सुमारे ५५ टक्के भाग त्याने व्यापलेला असतो. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. परंतु दर मिलिलिटरमागे सुमारे ७० मिलिग्रॅम प्रथिनेही असतात, शिवाय लवणे, शर्करा, मेदद्रव्ये आणि असंख्य लहानमोठी संयुगे असतात. आता हृदयविकारात दिल्या जाणाऱ्या डिजॉक्सिनचे उदाहरण घ्यावे. त्याचे इष्ट प्रमाण दर मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे १ नॅनोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे औषधाच्या एका भागामागे प्रथिनांचे सात कोटी भाग, असे हे व्यस्त प्रमाण आहे. एवढ्या गर्दीतून तो एक भाग वेगळा काढावयाचा, आणि तो काढताना त्यातील किती हरवला हेही सांगावयाचे, असे हे काम आहे.

यांतील दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची होय. कोणतेही निष्कर्षण पूर्ण नसते. काही ना काही गळतेच, आणि नको असलेले काही ना काही चिकटून येतेच. या शास्त्राची प्रगती गळती नाहीशी करण्यात जितकी झाली, त्याहून अधिक ती मोजण्यात, स्थिर ठेवण्यात आणि लेखी नोंदविण्यात झाली. आकड्याची विश्वसनीयता त्या नोंदीतून येते, हे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

२

या मोजमापाचे मोल जगाला कळले ते दुसऱ्या महायुद्धात. मार्च १९४२ मध्ये जपानने जावा बेट जिंकले आणि दोस्त राष्ट्रांचा क्विनिनचा मुख्य स्रोत तुटला; कारण सिंकोना सालीच्या जागतिक पुरवठ्यात जावाचा वाटा सर्वांत मोठा होता. भारतात दार्जिलिंगच्या परिसरात व निलगिरीत सिंकोनाचे मळे होते, पण त्या उत्पादनावर सर्व आघाड्यांची गरज भागणे शक्य नव्हते. पर्याय होता १९३० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत सिद्ध झालेल्या एका पिवळ्या कृत्रिम औषधाचा. अमेरिकेत ते ॲटाब्रिन किंवा क्विनाक्रिन या नावाने, तर ब्रिटिश साम्राज्यात मेपाक्रिन या नावाने ओळखले जाई, आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील सैनिकांनाही तेच देण्यात आले. मात्र त्याच्या मात्रेविषयी एकमत नव्हते. पुरेसे द्यावे तर मळमळ व ओकाऱ्या होत. कमी द्यावे तर हिवताप आटोक्यात येत नसे.

न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर मेमोरियल रुग्णालयात जेम्स शॅनन यांच्या नेतृत्वाखाली हिवतापावरील औषधांचे संशोधन चालले होते. तेथे बर्नार्ड ब्रोडी आणि सिडनी उडेनफ्रेंड यांच्याकडे रक्तद्रवातील ॲटाब्रिन मोजण्याचे काम सोपविण्यात आले. त्यांची पद्धत १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तद्रव अल्कधर्मी करून औषध पाण्यात न मिसळणाऱ्या सेंद्रिय विद्रावकात उतरवावयाचे आणि त्या औषधाच्या अंगभूत प्रतिदीप्तीवरून ते मोजावयाचे, असे तिचे थोडक्यात स्वरूप सांगता येईल.

या मोजमापातून जे दिसले त्याने उपचाराची रीतच बदलली. औषध शरीराच्या ऊतींत, विशेषतः यकृतात, मोठ्या प्रमाणावर साठत होते. त्यामुळे आरंभीच्या दिवसांत रक्तद्रवात ते फारच थोडे उरत होते. ऊतींचे हे कोठार भरेपर्यंत हिवतापाच्या परजीवींपर्यंत पुरेसे औषध पोहोचतच नव्हते. यावरून पहिल्या दिवशी मोठी मात्रा आणि त्यानंतर रोज लहान मात्रा, असा क्रम निश्चित झाला. औषध तेच होते आणि त्याविषयीच्या तक्रारीही पूर्वीच्याच होत्या. रक्तद्रवातील आकडा हाती आल्यामुळे ते वापरण्याजोगे झाले.

या प्रकरणात आणखी एक बारकावा होता. हे औषध पांढऱ्या पेशींतही रक्तद्रवापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात साचते. रक्तद्रव वेगळा करताना थोड्या पांढऱ्या पेशी त्यात राहून गेल्या, तर आकडा फुगतो आणि रोग्याच्या रक्तद्रवात औषध पुरेसे आहे असा खोटा भास होतो. म्हणजे चूक मोजणाऱ्या उपकरणात नसूनही अहवाल चुकीचा ठरू शकतो.

ब्रोडी यांच्या कामातून एक तत्त्वही रूढ झाले. औषध ज्यात उतरेल अशा अनेक विद्रावकांपैकी सर्वांत कमी ध्रुवीय विद्रावक निवडावा. शरीरात औषधाचे रूपांतर होऊन जी संयुगे बनतात ती बहुधा मूळ औषधापेक्षा अधिक जलप्रिय असतात. कमी ध्रुवीय विद्रावक त्यांना मागे ठेवून मूळ औषधच उचलतो. हव्या असलेल्यास पुरेसा आणि नको असलेल्यास अपुरा, अशी ही निवड होय.

मूळ औषध आणि त्याची रूपांतरे वेगळी ओळखण्याने काय साधते, हे १९४८ मध्ये ब्रोडी आणि ज्यूलियस ॲक्सलरॉड यांनी दाखवून दिले. ॲसेटॅनिलाइड हे १८८६ पासून वापरात असलेले ताप व वेदना यांवरील औषध होते. ते घेणाऱ्या काही रोग्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन बिघडून प्राणवायू वाहून नेण्याची त्याची क्षमता घटत असे. रक्तात ॲनिलिन हे विषारी रूपांतर सापडले आणि या बिघाडाचा उलगडा झाला. त्याच अभ्यासात असेही दिसले की औषधाचा बराच मोठा भाग दुसऱ्याच एका संयुगात रूपांतरित होतो आणि वेदनाशमनाचे कार्य तेच करते. हे संयुग म्हणजे आज घरोघरी असलेले पॅरासिटामॉल. ते रसायनज्ञांना आधीपासून ठाऊक होते, परंतु बाजूस पडले होते. ॲक्सलरॉड यांना पुढे १९७० मध्ये वेगळ्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

३

निष्कर्षणाचा आरंभ रक्त काढण्याच्या क्षणापासून होतो, हे बऱ्याचदा विसरले जाते. रक्त गोठू नये म्हणून नळीत हेपारिन किंवा तत्सम द्रव्य असते. नंतर केंद्रोत्सारक यंत्रात नळी वेगाने फिरविली जाते. जड पेशी तळाशी बसतात आणि वरचा रक्तद्रव काढून घेऊन गोठवून ठेवला जातो. या वरवर साध्या दिसणाऱ्या टप्प्यांतही औषध नाहीसे होऊ शकते. ॲस्पिरिन रक्तातील विकरांमुळे काही मिनिटांतच विघटित होऊ लागते. म्हणून नमुना त्वरित बर्फात ठेवावा लागतो आणि विकरांना आवर घालणारे द्रव्य नळीत आधीच घालावे लागते. निफेडिपिनसारखे औषध प्रकाशात टिकत नाही. त्याचे नमुने मंद पिवळ्या प्रकाशात हाताळले जातात. मेदप्रिय औषधे काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून राहतात आणि द्रव ओतून घेतला तरी मागेच उरतात.

या संदर्भात रबरी बुचांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. प्रोप्रॅनोलॉल या हृदयविकारावरील औषधाचे रक्तद्रवातील प्रमाण काही नमुन्यांत विनाकारण कमी येते आणि त्याचा संबंध रक्त गोळा करण्याच्या नळ्यांशी आहे, हे १९७५ मध्ये निदर्शनास आले. पुढे कारणही उलगडले. बुचाचे रबर मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले एक रसायन रक्तात उतरत होते. ते रक्तद्रवातील एका प्रथिनाला जाऊन चिकटे आणि तेथे आधी बसलेल्या औषधाला हुसकावून लावी. मोकळे झालेले औषध लाल पेशींत शिरे, आणि पेशी तळाशी बसल्या की त्यांच्याबरोबर तेही तळाशी जाई. नमुन्यातून औषधाचा एक कणही बाहेर गेलेला नव्हता. तो ज्या भागात शोधावयाचा त्या भागातून मात्र तो निघून गेला होता. अशा आकड्यावर विसंबून एखाद्या वैद्याने मात्रा वाढविली असती, तर परिणाम रोग्याला भोगावा लागला असता.

४

रक्तद्रव हाती आल्यावर त्यातून औषध काढण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. त्यांतील प्रत्येकीचा गुण आणि दोष एकाच कारणातून उद्भवतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पहिली रीत प्रथिने खाली बसविण्याची, म्हणजे प्रथिन-अवक्षेपणाची. तापल्या दुधात लिंबू पिळले की दूध फाटते, घट्ट भाग गोळा होतो आणि निवळ पाणी वेगळे राहते. रक्तद्रवात तीव्र आम्ल, किंवा ॲसिटोनायट्राइल अथवा मिथेनॉल यांसारखा विद्रावक घातला की असेच घडते. एका भाग रक्तद्रवास सुमारे तीन भाग ॲसिटोनायट्राइल घालतात, मिश्रण जोराने हलवितात आणि केंद्रोत्सारणाने गाळ तळाशी बसवितात. औषध वरच्या निवळीत राहते. ही रीत अल्पखर्चाची व झटपट आहे. जवळजवळ कोणतेही औषध तिला चालते. परंतु ती निवड करीत नाही. प्रथिने जातात, लवणे, शर्करा आणि विशेषतः फॉस्फरसयुक्त मेदद्रव्ये निवळीतच राहतात. शिवाय नमुना चौपट पातळ होतो, आणि अल्प प्रमाणातील औषध आणखी विरल होते.

दुसरी रीत द्रवातून द्रवात निष्कर्षण करण्याची. ब्रोडी यांची पद्धत याच वर्गातील होय. फोडणीत हळद टाकली की तेल पिवळे होते. त्याच हळदीचा रंग पाण्यात धड विरघळत नाही, गाळ होऊन तळाशी बसतो. रक्तद्रवाबरोबर त्यात न मिसळणारा विद्रावक, उदाहरणार्थ ईथर, एथिल ॲसिटेट किंवा हेक्झेन, हलविला तर मेदप्रिय औषध पाणी सोडून विद्रावकात जाते. ही ओढ रसायनज्ञाला हवी तशी वळविता येते, हे या रीतीचे वैशिष्ट्य. बहुसंख्य औषधे दुर्बल आम्ले किंवा दुर्बल अल्कली आहेत. अल्कधर्मी औषध आम्ल माध्यमात विद्युत्‌भारित होते व पाण्यात राहणे पसंत करते. माध्यम अल्कधर्मी केले की भार जातो आणि ते विद्रावकाकडे धाव घेते. आम्लधर्मी औषधांचे वर्तन याच्या नेमके उलट असते. म्हणून प्रथम माध्यम अल्कधर्मी करून औषध विद्रावकात घ्यावयाचे, नंतर तो विद्रावक ताज्या आम्लजलाबरोबर हलवून औषध पुन्हा पाण्यात आणावयाचे, अशा दोन फेऱ्यांत बरीच अनावश्यक द्रव्ये वाटेत गळून पडतात.

येथे एक साधा हिशेब उद्बोधक ठरेल. समजा, रक्तद्रवाइतक्याच आकारमानाच्या विद्रावकात औषधाचे चार पंचमांश उतरतात. एका फेरीत ८० टक्के औषध हाती येईल. विद्रावक दुप्पट घेऊन एकदाच हलविला तर सुमारे ८९ टक्के येईल. पण तोच दुप्पट विद्रावक दोन समभागांत करून दोनदा वापरला, तर दुसऱ्या फेरीत उरलेल्या २० टक्क्यांचे चार पंचमांश मिळतील आणि एकूण ९६ टक्के हाती येईल. विद्रावक तेवढाच, श्रम दुप्पट, आणि गळती ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर. तरीही ती शून्यावर येत नाही. कितीही फेऱ्या केल्या तरी येणार नाही.

या रीतीचे दोष हाताने काम करणाऱ्याला चांगले ठाऊक असतात. फार जोराने हलविले तर दोन्ही थर एकमेकांत गुरफटतात आणि लोणी न सुटणाऱ्या ताकासारखा पांढुरका पायस तयार होतो. तो तुटता तुटत नाही. पुढे विद्रावक नायट्रोजन वायूच्या झोतात उडवून टाकावा लागतो. त्या वेळी ॲम्फेटामिनसारखे बाष्पनशील औषध विद्रावकाबरोबर उडून जाण्याचा धोका असतो. म्हणून थोडे आम्ल घालून ते लवणरूपात बांधून ठेवले जाते. बेंझिन व क्लोरोफॉर्म हे एके काळचे नेहमीचे विद्रावक काम करणाऱ्यांच्या आरोग्याला अपायकारक म्हणून मागे पडले.

तिसरी रीत घनप्रावस्था निष्कर्षणाची. लहान नळीत सिलिकाचे बारीक कण भरलेले असतात आणि त्या कणांवर बहुधा अठरा कार्बनांच्या मेदप्रिय साखळ्या रासायनिक रीत्या बसविलेल्या असतात. वापरण्यास सुटसुटीत अशा तयार नळ्या १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आल्या आणि ही रीत सर्वत्र पसरली. तिचे चार टप्पे आहेत. प्रथम मिथेनॉल व पाणी सोडून त्या साखळ्यांना सिद्ध करावयाचे. मग रक्तद्रव हळूहळू आत सोडावयाचा, म्हणजे औषध साखळ्यांत अडकते. नंतर सौम्य द्रवाने धुऊन लवणे व प्रथिने काढून टाकावयाची. शेवटी समर्थ विद्रावकाने औषध सोडवून घ्यावयाचे. प्रत्येक टप्प्यात सुज्ञपणा लागतो. धुणारा द्रव किंचित अधिक समर्थ असला तर औषधही धुऊन जाते. सोडविणारा द्रव किंचित दुर्बल असला तर औषध नळीतच राहते. पहिल्या टप्प्यानंतर नळी कोरडी पडली, तर काही औषध न अडकताच वाहून जाते.

५

या तीन रीतींपैकी कोणतीही वापरली तरी अखेर एक लहानशी कुपी हाती येते. त्यातील द्रव वर्णलेखनाच्या स्तंभातून जातो, घटक एकापाठोपाठ एक बाहेर पडतात आणि द्रव्यमान वर्णपटमापक त्यांना रेणूंच्या वजनावरून ओळखतो. ही उपकरणे इतकी संवेदनक्षम झाल्यावर निष्कर्षणाची मातब्बरी उरणार नाही, असे काही काळ वाटले होते. अनुभव निराळा आला. औषधाबरोबर आलेली मेदद्रव्ये उपकरणाला दिसत नाहीत. पण औषधाच्या रेणूंना विद्युत्‌भार मिळण्याच्या वेळी ती आड येतात आणि औषधाचा संकेत दबून जातो. उपकरण तक्रार करीत नाही. ते कमी आकडा दाखविते, एवढेच.

म्हणून गळती आणि दडपण यांचा हिशेब वेगवेगळा मांडण्याची रीत निघाली. मॅट्युशेव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ती व्यवस्थित मांडली. औषधाचे तीन संच करावयाचे. पहिल्यात औषध शुद्ध द्रावणात असते. दुसऱ्यात औषधविरहित रक्तद्रवाचे निष्कर्षण करून नंतर त्यात तेवढेच औषध घातले जाते. तिसऱ्यात औषध आधी घालून मग निष्कर्षण केले जाते. समजा, तिन्ही संचांचे संकेत अनुक्रमे १००, ८० व ६० आले. पहिल्या व दुसऱ्यातील अंतर हे रक्तद्रवातील उरलेल्या द्रव्यांच्या दडपणाचे. त्यात २० टक्के संकेत गेला. दुसऱ्या व तिसऱ्यातील अंतर हे खऱ्या गळतीचे. ८० पैकी ६० म्हणजे ७५ टक्के औषध हाती आले. ‘४० टक्के कमी’ या एकाच मोघम विधानाचे अशा रीतीने दोन भिन्न कारणांत विभाजन होते आणि प्रत्येकावर निराळा उपाय योजता येतो.

प्रत्यक्ष रोग्याच्या नमुन्यात मात्र मूळ औषध किती होते हेच अज्ञात असते. मग गळती कशी कळावी? यावरील उपाय मोठा मार्मिक आहे. निष्कर्षणाच्या आरंभीच, ज्ञात प्रमाणात, औषधासारखेच वागणारे दुसरे एक संयुग नमुन्यात घातले जाते. त्यास अंतर्गत प्रमाणक म्हणतात. उत्तम प्रमाणक म्हणजे त्याच औषधाचा असा रेणू, की ज्यातील काही हायड्रोजन अणूंच्या जागी ड्यूटेरियम हा जड हायड्रोजन बसविला आहे. रासायनिक वर्तनात तो औषधाचा जुळा भाऊच असतो; केवळ वजनाने निराळा असल्यामुळे उपकरणाला वेगळा ओळखू येतो. औषध जेथे गळेल तेथे तोही त्याच प्रमाणात गळतो. औषधाचा संकेत दबला तर त्याचाही दबतो. समजा, हा सोबती १० नॅनोग्रॅम घातला होता आणि अखेरीस ६ नॅनोग्रॅमच सापडला. औषध ३ नॅनोग्रॅम सापडले. तर मूळ नमुन्यात औषध ५ नॅनोग्रॅम होते. हरवलेले औषध कोणी परत आणलेले नाही. सोबत्याच्या साक्षीने त्याचा अंदाज बांधलेला आहे. हा सोबतीही निर्दोष नसतो. जड हायड्रोजनाचे अणू अधिक झाले की तो वर्णलेखनात औषधापासून किंचित अलग होतो, आणि मग दोघांवरील दडपण सारखे राहत नाही.

या विचाराला नियमांचे रूप मिळाले ते १९९० मध्ये वॉशिंग्टनजवळ भरलेल्या परिषदेनंतर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, २०१८ मध्ये ती सुधारली, आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर एम-१० ही समान संहिता स्वीकृत झाली. मोजलेले मूल्य खऱ्या मूल्यापासून १५ टक्क्यांहून अधिक ढळू नये. मोजमापाच्या अगदी तळच्या मर्यादेवर २० टक्क्यांपर्यंत सूट, असा त्यांतील सर्वपरिचित दंडक आहे. निष्कर्षणाविषयीची भूमिका विशेष लक्षणीय आहे. औषध शंभर टक्के हाती यावे असा आग्रह हे नियम धरीत नाहीत. जेवढे येते तेवढे प्रत्येक वेळी, अल्प प्रमाणात आणि अधिक प्रमाणात सारखेच यावे, असे ते सांगतात. ६० टक्के सातत्याने मिळणे हे आज ९५ व उद्या ७० मिळण्यापेक्षा श्रेयस्कर मानले जाते.

प्रयोगशाळेत औषध मिसळून तयार केलेला नमुना आणि औषध घेतलेल्या माणसाचा नमुना यांत फरक असतो, हेही अनुभवाने कळले. माणसाच्या रक्तद्रवात औषधाची रूपांतरे असतात. निष्कर्षणाच्या वेळी त्यांतील काही उलटून पुन्हा मूळ औषधात बदलू शकतात. म्हणून प्रत्यक्ष व्यक्तींच्या काही नमुन्यांचे दुसऱ्या दिवशी पुन्हा निष्कर्षण करून दोन्ही आकडे ताडून पाहण्याची अट घालण्यात आली.

६

एवढ्या दक्षतेने सिद्ध केलेला आकडाही सर्व काही सांगत नाही. अपस्मारावरील फेनिटॉइन या औषधाचे रक्तद्रवातील इष्ट प्रमाण दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम मानले जाते. यातील सुमारे ९० टक्के औषध अल्ब्युमिन या प्रथिनाला जखडलेले असते; मेंदूवर परिणाम करते ते उरलेले १० टक्के. निष्कर्षणाच्या नेहमीच्या रीती हे बंध तोडतात आणि जखडलेले व मोकळे असे दोन्ही एकत्र मोजतात. कुपोषणाने किंवा यकृताच्या विकाराने ज्याच्या रक्तातील अल्ब्युमिन घटले आहे, अशा रोग्याचा एकूण आकडा कमी दिसतो. मोकळे औषध मात्र पुरेसे असू शकते. त्याची मात्रा आकड्यावरून वाढविली तर विषबाधा होईल. अशा वेळी प्रथिने अडविणाऱ्या सूक्ष्म पटलातून रक्तद्रव गाळून केवळ मोकळे औषध मोजावे लागते. कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे ठरल्याशिवाय निष्कर्षणाची रीत ठरत नाही.

याच औषधाने आकड्याची अपरिहार्यताही दाखवून दिली. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात फेनिटॉइन घेणाऱ्या अनेक रोग्यांत विषबाधेची लक्षणे दिसू लागली. मात्रा बदललेली नव्हती. रक्तातील प्रमाण मोजले तेव्हा ते चढलेले आढळले. कॅप्सूलमध्ये भर म्हणून घातले जाणारे कॅल्शियम सल्फेट बदलून त्याजागी लॅक्टोज वापरण्यात आले होते, आणि त्यामुळे औषध पूर्वीपेक्षा अधिक शोषले जात होते. वेष्टनावरील मिलिग्रॅम तेच होते. रक्तातील औषध निराळे होते. एका उत्पादकाची गोळी दुसऱ्याच्या गोळीची जागा घेऊ शकते की नाही, हे रक्तद्रवातील औषध मोजून ठरविण्याची आजची पद्धती अशाच अनुभवांतून दृढ झाली. दोन गोळ्यांमुळे रक्तात पोहोचणाऱ्या औषधाचे गुणोत्तर, त्याच्या ९० टक्के विश्वास-अंतरासह, ८० ते १२५ टक्के या मर्यादेत असावे, असा सामान्य नियम आहे. भारतात तयार होऊन देशोदेशी जाणाऱ्या जेनेरिक औषधांची मान्यता बहुतांशी याच कसोटीवर अवलंबून असते. एखाद्या निष्काळजी निष्कर्षणाचा परिणाम त्यामुळे प्रयोगशाळेपुरता मर्यादित राहत नाही.

७

ग्रंथसंपादनाच्या अभ्यासकांना या शिस्तीत काही ओळखीचे आढळेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे तिचे आपल्याकडील सर्वांत मोठे उदाहरण. अनेक लिप्यांतील, अनेक प्रांतांतील हस्तलिखितांतून एक संहिता निष्कर्षित करताना संपादकांनी जे वगळले ते पानाच्या तळाशी नोंदविले. आणि ज्या पाठाविषयी पुरती खात्री नव्हती त्याखाली नागमोडी रेघ ओढली. संहिता वाचणारा तळटीपा वाचीलच असे नाही. पण त्या तेथे असल्यामुळेच संहिता तपासता येते, आणि पुढचा अभ्यासक तीबाबत निराळा निर्णय घेऊ शकतो.

साम्य येथेच थांबते, हेही सांगितले पाहिजे. संपादकाचा वगळलेला पाठ कागदावर शिल्लक राहतो. प्रयोगशाळेत गळलेले औषध परत मिळत नाही, आणि नमुना बहुधा मिलिलिटरभरच असतो. म्हणून तेथे गळतीची नोंद आधीच करून ठेवावी लागते : सोबती रेणू निष्कर्षणापूर्वी घालावा लागतो, नंतर घालून उपयोग नसतो. रोग्याच्या हाती येणाऱ्या अहवालावर औषधाचे नाव, एक संख्या आणि एक परिमाण एवढेच छापलेले असते. सोबत्याचा संकेत, तिन्ही संचांचा हिशेब, पुन्हा केलेल्या निष्कर्षणाचे आकडे हे सारे प्रयोगशाळेच्या वहीत राहते. मात्रा ठरविणारा वैद्य ती वही सहसा पाहत नाही. त्याचा भरवसा मात्र तिच्यावरच असतो.